‘दहा मिनिटात येतो’ म्हणून कुत्र्याला टेंटपाशी बांधून जाण्याआधी

पवना लेकला पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चिंगीला टेंटच्या खुंटीला बांधलं होतं. हो, टेंटच्या खुंटीला. आता लिहिताना पण लाज वाटते पण तेव्हा काय, १४ किलोची छोटीशी इंडी म्हणजे आपली देशी कुत्री, गळ्यात नवा कोरा पट्टा, समोर पाण्याची वाटी, आणि आम्ही वरच्या शेडमध्ये पोहे घ्यायला चाललेलो, शंभर पावलं असतील नसतील. पोह्यांच्या लाईनीत उभं असताना खालून आरडाओरडा ऐकू आला. बाजूच्या ग्रुपने एकदम मोठ्ठा स्पीकर लावला, चिंगी दचकून पळाली, भुसभुशीत मातीतली खुंटी उपटली, खुंटीमागून दोरी, दोरीमागून टेंट, आणि मागून काहीतरी फडफडत येतंय म्हणून ती अजून जोरात पळाली. तिच्या हिशोबाने तो टेंटच तिच्या मागे लागला होता. शेवटी कोणाच्या तरी गाडीखाली घुसली ती अर्धा तास बाहेर यायला तयार नाही. नशीब पाण्याकडे नाही पळाली.

त्यानंतर आम्ही तिला घेऊन काशीद, अलिबाग, भंडारदरा बरंच फिरलो, काही गोष्टी चुकून शिकलो, काही आमच्या व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने, झाप झाप झापून शिकवल्या. मैत्रिणी विचारत असतात की कुत्र्याला घेऊन जातेस तर मग जेवायला, धबधब्यावर, किल्ल्यावर जाताना त्याचं काय करतेस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी घरचं बोलू, कारण खरा लोचा घरातच असतो. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये कोणी ना कोणी कायम घरात असतं. आमच्याकडे सासूबाई चोवीस तास घरी, म्हणजे चिंगी दोन वर्षांची होईपर्यंत एकटी अशी कधी राहिलीच नव्हती आणि आम्हाला ते लक्षातच आलं नव्हतं, आम्ही सगळीकडे सांगत फिरायचो की आमची फार शहाणी आहे, अजिबात त्रास नाही. अशा कुत्र्याला तुम्ही पहिल्यांदा एकटं सोडताय ते कुठे, तर अनोळखी जागी, अनोळखी वासात, तुमच्या पलंगाशिवाय. मग तो भुंकणारच, दार ओरबाडणारच, ह्यात त्याचा काय दोष.

तर ट्रिपच्या निदान तीन-चार आठवडे आधी घरी प्रॅक्टिस चालू करा. एक सतरंजी किंवा चटई ठरवून टाका, हीच पुढे ट्रिपला सोबत न्यायची. त्यावर बसलं की खाऊ मिळतो एवढं डोक्यात बसवा. मग चावी उचला आणि कुठेही जाऊ नका, परत ठेवून द्या. चपला घाला आणि सोफ्यावर येऊन बसा. नवऱ्याला वाटेल बायकोचं डोकं फिरलंय, वाटू दे. चावीचा आवाज आला म्हणजे संकट आलं हे कुत्र्याच्या डोक्यातून जायला पाहिजे. त्यानंतर दाराबाहेर जाऊन अर्ध्या मिनिटात परत, मग लिफ्टपर्यंत, मग खाली दूध घेऊन परत. वेळ रोज चढत्या क्रमाने वाढवू नका, एकदा पाच मिनिटं, मग एक, मग आठ, मग दोन, असं उलटसुलट करा नाहीतर त्यांना पण कळतं की प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट होणार आहे. रडायला लागायच्या आत परत यायचं. आणि येताना-जाताना दारात मिठ्या मारून ‘माझं बाळ ते’ वगैरे ड्रामा नको, शांतपणे जा शांतपणे या. हे मला सर्वात कठीण गेलं.

बघायचं कसं? जुना मोबाईल टीव्हीजवळ उभा करा आणि व्हिडिओ कॉल लावून खाली बिल्डिंगच्या कट्ट्यावर जाऊन बसा. एकदोनदा भुंकणं, दाराकडे बघत बसणं चालतं. पण सतत येरझाऱ्या, गरम नसताना धापा टाकणं, लाळ गळणं, दाराची चौकट कुरतडणं, हे नॉर्मल नाही. आणि एक खूण आमच्या व्हेटने सांगितली ती मी सगळ्यांना सांगते, जाताना आवडता खाऊ ठेवून जा आणि बघा की कधी खातं. तुम्ही गेल्या गेल्या खाल्लं तर मस्त. तुम्ही परत आल्यावरच तुटून पडलं तर समजा की मधला सगळा वेळ ते टेन्शनमध्ये होतं, भले आवाज एक काढला नसेल. चिंगी हेच करायची आणि आम्ही म्हणायचो बघा किती कंट्रोल आहे पोरीचा.

घरी जमलं की एक रिहर्सल दुसऱ्याच्या घरी. आम्ही ठाण्याला नणंदेकडे केली. आमचा घरचा ठोकताळा असा, की घरी जेवढा वेळ निवांत राहते त्याच्या चौथा हिस्सा नवीन जागी. घरी चार तास असेल तर बाहेर एक तास, घरी एक तास असेल तर बाहेर पंधरा मिनिटं, त्यात तर चहा पण थंड होत नाही. हा काही शास्त्रातला नियम नाही पण आमचं ह्याने कधी बिघडलं नाही. पिल्लू असेल तर अजून कमी, साधारण जितके महिने वय तितके तास सू रोखू शकतं असं म्हणतात पण नवीन जागी टेन्शनमध्ये तेही नाही, आणि ज्याचे लसीचे डोस पूर्ण नाहीत अशा पिल्लाला कॅम्पिंगला नेऊच नका, एवढी काय घाई आहे.

आता जागेप्रमाणे.

टेंटमध्ये एकटं, तर अजिबात नाही. दिवसा टेंट उन्हात भट्टी होतो, बाहेर हवा बरी असली तरी आत हात घालून बघा कळेल. टेंटची चेन (झिप) म्हणजे काही कडी नव्हे, नाकाने ढोसलं की सरकते, नाही सरकली तर कापड फाडून बाहेर, आणि कॅम्पवाल्याचा टेंट असेल तर त्याचं बिल वेगळं. रात्री तर प्रश्नच येत नाही. आम्ही भांडुपला राहतो, मागे संजय गांधी पार्कचं जंगल, बिबट्या कुत्रा उचलतो हे आमच्या एरियात शेंबडं पोरगं पण सांगेल. लोकांना वाटतं बिबट्या म्हणजे घनदाट जंगल, तर असं काही नाही, जुन्नरकडे तो उसात राहतो आणि गावातली कुत्री त्याला सोप्पी पडतात. त्यामुळे सह्याद्रीत कुठेही कॅम्प असू दे, अंधार पडला की कुत्रा तुमच्यासोबत, तुमच्या टेंटमध्ये, पट्ट्याचं दुसरं टोक तुमच्या हाताला. रात्री सू करायला पण पट्टा आणि टॉर्च. कोकणाच्या बाजूला फुरसं असतं, छोटंसं, मातीच्या रंगाचं, दगडाखाली आणि सुक्या पानांत बसलेलं दिसतच नाही आणि आपली मंडळी तिथेच नाक घालणार. चावल्यासारखं वाटलं, पाय किंवा तोंड सुजायला लागलं, तर पट्टी आवळणं, चिरा देणं असले सिनेमातले प्रकार नको, उचलून गाडीत घाला आणि व्हेट गाठा. म्हणूनच निघायच्या आधी जवळच्या तालुक्याच्या ठिकाणचा जनावरांचा डॉक्टर शोधून नंबर सेव्ह करून ठेवायचा, रात्री अकराला रेंज शोधत नाही.

बांधून ठेवणं. माणूस समोर बसलेला असेल, स्वयंपाक करत असेल, टेंट ठोकत असेल तेव्हा बांधायला हरकत नाही. बांधून निघून जायला हरकत आहे. आणि बांधताना पण गळ्याच्या पट्ट्याला नाही, हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बसतो त्या पट्ट्याला. चोक चेन तर कधीच नाही, झटका बसला की आवळते. खुंटी नको, खुर्ची नको (एका मित्राचा ब्रूनो, ४० किलोचा लॅब म्हणजे लॅब्रॅडॉर, प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन अख्ख्या बीचवर फिरला होता, खुर्चीत बसलेली मावशी वाळूत), जाड झाड किंवा स्वतःच्या गाडीचं चाक बरं. स्वतःच्याच गाडीचं. आणि चावी आपल्या खिशात, कारण ग्रुपमधला एक हुशार ‘जरा बर्फ घेऊन येतो’ म्हणून गाडी काढतोच.

दोरी दोन-अडीच मीटर, टोकाला फिरणारा हूक असला की पीळ पडत नाही. मग स्वतः दोरीचं टोक हातात धरून एक पूर्ण गोल चक्कर मारा. चेष्टा नाही करत, खरंच मारा. त्या गोलात शेकोटी येते का, रस्ता येतो का, दुसऱ्याचा टेंट, मुंग्यांचं वारूळ, बिअरच्या फुटक्या बाटल्या, आणि महत्त्वाचं म्हणजे बांध किंवा कठडा येतो का. कठड्यावरून उडी मारली आणि दोरी खाली पोचली नाही तर फास बसतो. अजून एक, सावली चालते. दहा वाजता झाडाखाली बांधलेला कुत्रा अकराला उन्हात असतो आणि तुम्ही लांबून बघता तेव्हा तुम्हाला झाड दिसतं, सावली नाही दिसत. बाकी, दिवसदिवस आखूड साखळीला बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे आणि कारण नसताना जनावर सोडून देणं पण. आपल्यातलं कोणी मुद्दाम असं करत नाही, पण ‘राहील की दिवसभर’ म्हणणारे फार भेटतात.

गाडी. ह्यावर मी भांडते लोकांशी.

एक्सप्रेसवेवर खालापूरच्या फूड मॉलला कधीही उभं राहा, एखाद्या तरी गाडीत मागच्या काचेला नाक लावलेला कुत्रा दिसेल आणि मालक आत मिसळ खातोय. काच दोन बोटं खाली ठेवली की झालं असं समजतात. तर नाही होत. बाहेर ३० डिग्री असेल तर दहा मिनिटांत गाडीच्या आत साधारण ४० होतात आणि अर्ध्या तासात ५० च्या जवळ. जेवढं तापायचं त्यातलं बरंचसं पहिल्या अर्ध्या तासातच तापतं, आणि काच थोडी उघडी ठेवून त्यात फारसा फरक पडत नाही हे मोजून बघितलेलं आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंज्यांना थोडासा येतो तेवढाच, बाकी सगळं काम जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. धापा टाकून जीभ, घसा ओला असतो त्यातलं पाणी उडून जातं म्हणून थंडावा येतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवेतच एवढी वाफ असते की ते पाणी उडतच नाही. आपले कपडे वाळत नाहीत ना, तसंच. पग, बुलडॉग, शिह त्झू ह्या चपट्या नाकवाल्यांचं तर अजून अवघड.

एसी चालू ठेवून जातो असं म्हणणारे पण आहेत. इंजिन बंद पडलं तर? आणि कुत्रा ड्रायव्हर सीटवर येऊन पंजा कुठे ठेवेल सांगता येत नाही, एका ओळखीच्यांच्या कुत्र्याने आतून सेंट्रल लॉक दाबला, चावी आत, गाडी चालू, आणि बाहेर पूर्ण फॅमिली काचेतून ‘रॉकी, बटण दाब’ ओरडतेय. तेव्हा हसू आलं पण त्यात इंधन संपलं असतं तर हसण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या सीटवरून पॉवर विंडोचा स्विच दाबला जाणं, त्यात मान अडकणं, हे पण होतं, म्हणून कुत्रा गाडीत असताना विंडो लॉक कायम ऑन ठेवा, तुम्ही आत असाल तरी.

मग खायचं कुठे? पाळीपाळीने. दोघं आत जाऊन खातात, दोघं कुत्र्याला घेऊन बाहेर सावलीत, मग अदलाबदल. दोघंच असाल तर पार्सल. आणि खरं सांगू, मॉलपेक्षा जुन्या हायवेवरची टपरी बरी, बाकड्यावर बसा, कुत्रा पायाशी, वडापाव हातात, कोणी काही बोलत नाही, उलट टपरीवालाच विचारतो ‘चावतो का ओ?’ आणि मग त्यालाच वड्याचा तुकडा टाकतो. (तो टाकू देऊ नका, मिरची आणि लसूण दोन्ही नको.)

उन्हाने लागलंच तर ओळखायचं कसं, तर धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक, लाळ चिकट आणि घट्ट, चालताना झोकांड्या, उलटी. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच ३८.३ ते ३९.२ असतं, ४१ च्या वर गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. लगेच सावलीत घ्या आणि साधं पाणी अंगावर ओतत राहा, पोट, मांड्या, पंजे, सगळीकडे, आणि फॅन किंवा पुठ्ठ्याने वारा घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्या वेळाने तोच गरम होऊन आतली उष्णता कोंडतो. तोंडात जबरदस्तीने पाणी नका ओतू, स्वतः प्यायलं तर पिऊ द्या. थोडं थंड झालं की गाडीत एसी फुल्ल आणि थेट डॉक्टर, बरं वाटतंय असं दिसलं तरी, कारण आतला त्रास नंतर वर येतो.

मांडव्याला रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, जाणार असाल तर बुकिंग करतानाच कुत्रा आहे हे सांगा आणि त्याला खाली कार डेकवर गाडीत ठेवून वर वारा खायला जाऊ नका. वर सांगितलेलं गाडीचं सगळं तिथे पण लागू, वर इंजिनचा आवाज.

ट्रेनने जाताना तर कुत्रा एकटा राहतोच असा एक प्रकार आहे. फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर सोबत नेता येतं, सेकंड-थर्ड एसी किंवा स्लीपरला नाही, मग राहतो गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. पार्सल ऑफिसला बुकिंग, लसीचं कार्ड, आणि खाणंपिणं तुमची जबाबदारी, म्हणजे गाडी थांबली की तुम्ही प्लॅटफॉर्मवरून शेवटच्या डब्याकडे पळा. लोखंडी पेटी, अंधार, आवाज. मी ठेवणार नाही. कोणाला गावी न्यायलाच लागत असेल तर नाइलाज आहे, पण फिरायला जाताना नको.

रूम. हा एकच प्रकार आहे जिथे मी चिंगीला एकटी सोडते आणि ते पण दीड तासाच्या वर नाही. पहिल्या दिवशी नाहीच. आधी तिला रूम हुंगू द्यायची, एक रात्र झोपू द्यायचं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी लांब फिरवून, दमवून, सू-शी करून आणून मग. मालकाला आधी विचारायचं. पेट फ्रेंडली लिहिलेलं असतं त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘आणा पण एकटं सोडू नका’ असा असतो आणि तो फोनवरच विचारून घेतलेला बरा.

रूममध्ये गेल्यावर मी आधी गुडघ्यावर बसून पलंगाखाली टॉर्च मारते. फार्महाऊसमध्ये उंदराचं औषध ठेवलेलं असतं, गोळ्या किंवा केक, आणि त्याला गोडसर वास असतो. दोनदा सापडलंय आम्हाला. मच्छर अगरबत्ती उचला, बाथरूमचं दार लावा कारण फिनेल आणि उघडा कमोड, बाल्कनीचं दार लावा, ग्रिलच्या गजांमधून डोकं जातं का बघा. एसीवर भरवसा ठेवू नका, अलिबाग साईडला लाईट गेली की कधी येईल नेम नाही आणि बंद खोली तासाभरात कोंदट होते, म्हणून समोरासमोर खिडक्या, जाळी लावलेली, आणि पंख्याला इन्व्हर्टर आहे का ते बघूनच रूम घ्या. घरची सतरंजी पसरा आणि वर तुमचा कालचा न धुतलेला टीशर्ट टाका. पट्टा, दोरी काढून ठेवा म्हणजे पलंगाच्या पायात अडकायला नको, नंबरवाला साधा पट्टा गळ्यात राहू द्या. पिंजऱ्याची सवय असेल तर सर्वात बेस्ट, मात्र पिंजऱ्यात ठेवताना तो पट्टा पण काढा, तारेत अडकतो.

आणि दाराला बाहेरून कागद चिकटवा, मोठ्या मराठी अक्षरात, ‘आत कुत्रा आहे, दार उघडू नका’, खाली फोन नंबर. स्टाफला तोंडाने सांगितलेलं शिफ्ट बदलली की विसरलं जातं. चादर बदलायला आलेल्या पोराने दार उघडलं, कुत्रा त्याच्या पायातून सटकला, ह्या एकाच पद्धतीने हरवलेली मला तीन कुत्री माहीत आहेत.

खायला मी रबरी पोकळ खेळण्यात दहीभात भरून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाकते, तासभर चाटत बसते. पीनट बटर घालायचं तर मागचं लेबल वाचा, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असेल तर ते कुत्र्याला विष आहे. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट ह्यांच्या पिशव्या हातापासून लांब म्हणजे जमिनीपासून लांब. आणि बार्बेक्यूनंतरची चिकनची हाडं बांधून गाडीच्या डिकीत, शिजलेलं हाड काचेसारखं तुटतं.

रूमवर जाणारी ट्रिप नसेल, किल्ला किंवा अभयारण्य असेल तर? कळसूबाई हरिश्चंद्रगड, फणसाड, कर्नाळा ही अभयारण्यं आहेत, तिथे कुत्रा न्यायचाच नसतो, आपला म्हणून शहाणा असला तरी. त्याच्या वासाने, आजारांनी तिथल्या जनावरांना त्रास होतो. तेव्हा पण उत्तर पाळीचंच, आज दोघं वर जातील उद्या दोघं. आम्ही भंडारदऱ्याला असंच केलं, पहिल्या दिवशी मी आणि चिंगी खाली दिवसभर पाण्याच्या काठी पडून होतो आणि खरं तर तीच माझी आख्ख्या ट्रिपमधली सर्वात चांगली झोप झाली.

कॅम्पवरच्या केअरटेकरला सांगून जाणं हा लोकांचा आवडता उपाय. माणसं खूप प्रेमळ असतात, प्रॉब्लेम तोच आहे. काशीदला आम्ही अर्ध्या तासासाठी चिंगीला तिथल्या मामांकडे दिलं, आलो तर चिंगी मोकळी, अंगणात कोंबड्यांच्या मागे. “मामा, पट्टा का काढलात?” तर म्हणाले, “अगं ताई, रडत होती ना पोर, मला बघवंना.” आता ह्याला काय बोलणार. कोंबडी वाचली म्हणून, नाहीतर त्यांच्या बायकोने आम्हाला सोडलं नसतं. त्यामुळे मागे थांबणारा माणूस तुमच्यातला, कुत्र्याच्या ओळखीचा, मोठा. बारा वर्षांच्या भाच्याच्या हातात लॅब देऊन जाऊ नका, दोघं मिळून पाण्यात जातील.

आता हरवलं तर काय, कारण एवढं करून पण होऊ शकतं.

गळ्यात टॅग, त्यावर दोन नंबर, दोन वेगळ्या कंपन्यांचे, कारण एकाला तरी रेंज असते. मायक्रोचिप असेल, तो १५ आकडी नंबर असतो, त्याला तुमचा चालू फोन नंबर जोडलेला आहे का बघा, नाहीतर नुसता आकडा काय कामाचा. एअरटॅग (ॲपलचा छोटा ट्रॅकर) गळ्यात अडकवून निश्चिंत होऊ नका, तो आसपासच्या आयफोनच्या जिवावर चालतो आणि डोंगरात गुराख्याकडे कुठून आला आयफोन, तिकडे सिमवाला जीपीएस पट्टा बरा, तोही रेंज असेल तिथेच.

दिसत असेल आणि पळत असेल तर मागे धावू नका. कठीण आहे पण नका धावू, घाबरलेल्या कुत्र्याला तुम्ही पण टेंटसारखेच मागे लागलेले वाटता. खाली बसा, तोंड बाजूला वळवा, खाऊची पिशवी वाजवा, नेहमीच्या आवाजात बोला. दिसेनासं झालं तर जिथे शेवटचं दिसलं तिथे एक माणूस बसवून ठेवा, शक्यतो घरातला, आणि जाताना तिथेच सतरंजी, टीशर्ट, पाणी ठेवा. बाकीच्यांनी गावातलं दुकान, देऊळ, एसटी स्टॉप, गुरं चारणारी पोरं आणि पोलीस पाटील ह्यांना फोटो दाखवत फिरायचं, पोरांना सांगा पकडू नका फक्त फोन करा. रात्र झाली म्हणून मुंबईला परत येऊ नका. बरीच कुत्री गोंगाट संपल्यावर, पहाटे, त्याच जागी परत येतात आणि तेव्हा तिथे कोणी नसेल तर मग अवघड होतं. गावातल्या कुत्र्यांनी चावलं असेल तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा (तुम्हाला त्यात लाळ लागली असेल तर तुमचा हात पण), रेबीजची लस झालेली असली तरी डॉक्टरला दाखवा. परत आल्यावर गोचिडी बघा, कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, ताप येतो त्याने आणि तो दोन-तीन आठवड्यांनी पण येतो.

आणि कधीकधी खरंच घरी ठेवून जाणं बरं असतं. ३१ डिसेंबरचा लेकसाईड कॅम्प, फटाके, डीजे, तिथे कुत्र्याचं काय काम. भर पावसातली ट्रिप पण तशीच, साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, लस घेतलेली असली तरी डबक्यात लोळायला कशाला न्यायचं. बोर्डिंगला ठेवणार असाल तर आधी एक रात्र ठेवून बघा आणि रात्री तिथे माणूस झोपतो की कुलूप लावून जातो हे विचारा. रात्रभर एकटं तर घरात पण नाही. आमच्याकडे सासूबाई गावी गेल्या की समोरच्या काकू येतात झोपायला. फ्रिजवर कागद लावून जाते, किती वाजता काय खायला, औषध, व्हेटचा नंबर, फिरायला नेताना हार्नेसची दोन्ही बकलं लागली का ओढून बघा, लिफ्टमध्ये शिरताना पट्टा आधी आत घ्या, आणि सर्वात खाली लाल पेनाने, दोनदा अंडरलाईन करून, बिस्कीट देऊ नका.

गेल्या वेळी परत आलो तर त्याखाली काकूंनी निळ्या पेनाने लिहून ठेवलेलं, “दिलं. चार. फार बघत होती.”